गुत्तीचा निळा कोळी मुळात गुत्तीचा नाही

आंध्र प्रदेशातल्या गुत्तीच्या रेल्वे लाकूडवखारीत एक निळी मादी सापडली आणि तिच्यावरून रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’ ही जाती नोंदवली. कोळी पाळणारे परदेशी शौकीन तिला आजही ‘गुटी’ म्हणूनच ओळखतात. प्रत्यक्षात लाकडाबरोबर ती मादी आगगाडीने तिथे आली असावी. कारण या कोळ्याचं रानातलं घर १०२ वर्षांनी, २००१ मध्ये सापडलं ते नंद्याल आणि गिड्डलूर यांच्यामधल्या जंगलात, गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटरवर.

पोसिलोथेरिया ही टॅरंटुला कोळ्यांची प्रजाती लहानच आहे. जेमतेम पंधराच्या आसपास जाती, आणि त्या सगळ्या फक्त भारत आणि श्रीलंकेतल्या. टॅरंटुला म्हटलं की बीळ आठवतं, पण हे कोळी झाडांच्या ढोलीत राहतात.

रंग वेगळा म्हणजे जाती वेगळी, हा गैरसमज सर्वांत चिवट. मेटॅलिकाचा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. केसांमधल्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होतो म्हणून तो दिसतो. वयात आलेला नर तर मादीपुढे फिकाच. म्हणून अभ्यासक पाठीपेक्षा पायांच्या खालच्या बाजूचे पट्टे पाहतात, मादीच्या शुक्रसाठवणीच्या पिशव्या आणि नराचे स्पर्शपाद तपासतात. एवढं करूनही घोळ होतो. श्रीलंकेतली पेडेरसेनी ही २००१ मध्ये नवी म्हणून जाहीर झाली. पुढे ती पोकॉक यांनी १८९५ मध्येच नोंदवलेली व्हिटाटा ठरली. ही नामुष्की नव्हे. जुनं नाव टिकतं, नवं गळतं, वर्गीकरणाचं काम असंच चालतं.

वरच्या पायरीवरही मतं बदलली आहेत. एके काळी ही प्रजाती सेलेनोकॉस्मिनी उपकुलात घातली जाई. आता तिला स्वतंत्र उपकुल देण्याकडे कल आहे.

आकाराचं तर विचारूच नका. २०१३ मध्ये श्रीलंकेतली राजेई ही जाती ‘चेहऱ्याएवढा कोळी’ म्हणून जगभर गाजली. पाय पसरून सुमारे २० सेंटिमीटर, हे खरं. पण तिला वेगळी जाती ठरवलं ते आकारावरून नव्हे, पायांवरच्या खुणांवरून.

हे कोळी जीवघेणे असल्याचं सांगितलं जातं. अमेरिकेतल्या अनेक टॅरंटुलांसारखे खाज आणणारे केस यांना नसतात. चावा मात्र वाईट: वेदना आणि स्नायूंत पेटके, कधी कधी काही दिवस. त्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही.

उलट धोका त्यांनाच आहे. जंगलतोड आणि पाळीव प्राण्यांचा व्यापार, दोन्हींचा. २०१९ मध्ये ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात व्यापारावर नियंत्रण आलं ते एकेका जातीवर नाही, अख्ख्या प्रजातीवर. डबीतलं पिल्लू नेमकं कोणत्या जातीचं, हे जिथे तज्ज्ञालाही चटकन सांगता येत नाही, तिथे विमानतळावरचा कस्टम्स अधिकारी काय ओळखणार?