जामीन मंजूर, पण जामीनदार कुठला आणायचा?

रत्नागिरीच्या विशेष कारागृहाचे नाव निघाले की प्रस्थापितांना सावरकरांची कोठडी आठवते. 1921 साली अंदमानातून परत आणल्यावर त्यांना इथे ठेवले होते. ती कोठडी जपली गेली, याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच तुरुंगाच्या दाराबाहेर पिशवी घेऊन मुलाखतीसाठी ताटकळणाऱ्या बायाबापड्यांची नोंद कोणी घेतली आहे काय?

मंडणगड हा बाबासाहेबांच्या आंबडवे गावाचा तालुका. तिथून रत्नागिरीला येऊन परत जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले खरे, पण बुडालेली मजुरी कोण देणार? आणि एवढे करून भेट किती, तर काही मिनिटांची! आत गेलेला माणूस बहुधा घरातला कमावता असतो. वकिलाची फी, तारखेचा खर्च, आतल्या कँटीनसाठी धाडायचे पैसे हे सगळे तिनेच उभे करायचे. मुलांनी विचारले तर "बाबा मुंबईला कामाला गेलेत" असे ती सांगते. कोकणात हे खपूनही जाते, कारण घरटी एक माणूस मुंबईला असतोच. पण शाळेत कोणीतरी एक दिवस खरे बोलते, आणि मग पोर शाळेत जायला तयार होत नाही.

बरे, हे सगळे गुन्हा सिद्ध झालेल्याच्या घरी घडते असेही नाही. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरात पंचाहत्तरहून अधिक! सुमारे दर पाचांतला एक अनुसूचित जातीचा. 2011 च्या जनगणनेत आमचे प्रमाण 16.6 टक्के आहे. हा फरक कुठून आला?

आम्ही वकिली करतो म्हणून सांगतो, जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो याचे कारण पुष्कळदा सातबारा असते. जामीनदार जमीनवाला पाहिजे. आमच्या माणसाला जमीन नाही. असली तर सातबारा सामाईक, पंधरा-वीस नावांचा. भाऊ मुंबईला, त्याच्या नावावर झोपडीही नाही. 1978 मध्ये मोतीराम खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांच्यासमोर हेच आले होते. गरीब गवंडी, दहा हजारांचा जामीन, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदार नाकारलेला. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच हे चुकीचे ठरवले. तरीही तारखेला उभे राहिले की तोच प्रश्न आम्हाला आजही ऐकावा लागतो, "जामीनदार स्थानिक आहे का?"

चळवळीतल्या मोठ्या घरांचीही यातून सुटका झाली नाही. आनंद तेलतुंबडे 14 एप्रिल 2020 रोजी, ऐन भीमजयंतीला, तुरुंगात गेले आणि 26 नोव्हेंबर 2022 रोजी, संविधान दिनी, जामिनावर बाहेर आले. मधल्या काळात त्यांचा भाऊ मारला गेला. ॲड. सुरेंद्र गडलिंग यांच्या आई 2020 मध्ये गेल्या. मुलाला तात्पुरता जामीन मिळाला तो 2021 च्या वर्षश्राद्धासाठी! ज्यांच्यासाठी देशभर आवाज उठला त्यांची ही गत. वाडीतल्या बिननावाच्या पोराचे काय होत असेल?

कायद्यात वाटा आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर तो सुटकेस पात्र ठरतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि त्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू नसतील तर. जामिनाचे पैसे भरता येत नाहीत अशांसाठी केंद्राची 2023 ची योजना मदत देते. अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रीला आणि कैदेत असलेल्याला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तर 1987 च्या विधी सेवा कायद्यातच आहे. पण आतला माणूस अर्ज करणार कसा, आणि बाहेरच्या बाईला हे सांगणार कोण?

वर्षावासात आपण गावोगावी प्रवचने ठेवतो, ठेवावीतच. त्यातला एक रविवार तालुक्यातल्या वकिलांनी विहारात बसावे. ज्यांचा माणूस आत आहे त्यांनी गुन्हा क्रमांक, अटकेची तारीख आणि जामिनाच्या हुकमाची प्रत घेऊन यावे. आणि बौद्धजन पंचायतीच्या शाखांनी ज्यांचा सातबारा स्वतःच्या एकट्याच्या नावावर आहे अशा जामीन राहायला तयार बांधवांची यादी आजपासूनच करायला घ्यावी.