एका तारजोडीवरील संभाषण

नभोवाणीवरून मी बोलत आहें आणि आपण ऐकत आहां. मला मध्येंच थांबवून कांहीं विचारणें आपणांस शक्य नाहीं. हें एकमार्गी भाषण झालें. टेलिफोनवर दोन्ही माणसें एकाच वेळीं बोलूं व ऐकूं शकतात, तें द्विमार्गी. या दोहोंच्या मधला आणखी एक प्रकार आहे. मार्ग एकच, जाणें-येणें दोन्ही दिशांनीं, परंतु एका वेळीं एकाच दिशेनें. एकेरी लोहमार्गावर ज्या ड्रायव्हरच्या हातीं टोकन असेल त्याचीच गाडी पुढें निघते, तसाच हा प्रकार. यंत्रविद्येंत त्यास हाफ-डुप्लेक्स म्हणतात. मायक्रोकंट्रोलर या नखाएवढ्या संगणकाकडून तें काम कसें करवून घ्यावें, हा आजचा विषय आहे.

उदाहरणादाखल विहिरीवरील पंप आणि टेकडीवरील पाण्याची टाकी घेऊं. टाकी भरली कीं पंप थांबला पाहिजे. पंपाजवळील मायक्रोकंट्रोलर वरचेवर विचारतो, 'पाणी किती?' टाकीजवळचा त्यास उत्तर देतो. एवढ्या संभाषणास एकमेकींस पीळ दिलेल्या दोन तारा पुरतात. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आरएस-४८५ या प्रमाणाप्रमाणें, वेग कमी असल्यास, ही जोडी सुमारें १२०० मीटरपर्यंत नेतां येते. दोन तारांतील विद्युद्दाबाच्या फरकावरून एक कीं शून्य हें ठरतें. त्यामुळें बाहेरचा उपद्रव दोहोंवर सारखाच चढला तरी अर्थ बिघडत नाहीं. जोडीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोधक लावतात, म्हणजे संदेशाचा प्रतिध्वनि टोकावरून परत फिरत नाहीं.

मायक्रोकंट्रोलर आणि तारा यांच्यामध्यें मॅक्स ४८५ सारखी आठ पायांची एक चिप दुभाष्याचें काम करते. तिच्या एका पायावरील दाब वर नेला कीं ती बोलूं लागते. दुसऱ्या पायावरील दाब खालीं आणला कीं ती ऐकूं लागते. म्हणून हे दोन पाय एकत्र जोडून मायक्रोकंट्रोलरच्या एकाच पायाकडे देतां येतात. वर म्हणजे बोलणें, खालीं म्हणजे ऐकणें.

मग अडचण कोठें आहे? ती आहे आपलें बोलणें नेमकें केव्हां संपलें हें ओळखण्यांत. एटीमेगा ३२८पी हा प्रचारांतील मायक्रोकंट्रोलर घ्या. १६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर वेगाच्या रजिस्टरांत १०३ हा आंकडा घातला म्हणजे सेकंदास सुमारें ९६०० बिट हा वेग मिळतो. एका बाइटाचे आठ बिट, आरंभाचा एक व अखेरचा एक, असे दहा बिट जाण्यास सुमारें १.०४ मिलिसेकंद लागतात. या बाइटाच्या वाटेवर दोन खण आहेत. पहिल्यांत प्रोग्रॅम बाइट ठेवतो. दुसऱ्यांतून तो एकेक बिट करून बाहेर पडतो. निशाणेंही दोन आहेत. पहिला खण रिकामा होतांच एक निशाण उभारलें जातें; दोन्ही रिकामे झाले म्हणजेच दुसरें.

नवशिक्याची फसगत येथेंच होते. पहिलें निशाण पाहून तो दुभाष्यास 'आतां ऐक' असें सांगतो, आणि दुसऱ्या खणांतून निघूं लागलेला अखेरचा बाइट तारेवर पोंचतच नाहीं. १९७९ सालीं मॉडिकॉन कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या मॉडबस पद्धतींत, तिच्या आरटीयू या प्रकारीं, शेवटचे दोन बाइट पडताळ्याचे असतात. त्यांतील एक तुटला कीं ऐकणाऱ्याचा हिशेब जुळत नाहीं; आणि हिशेब न जुळल्यास उत्तर द्यावयाचें नाहीं, असा नियमच आहे. पंपाकडील माणसास वाटतें, टाकीवरील यंत्र बिघडलें. वस्तुतः तें यंत्र शहाणपणानेंच गप्प असतें!

यास्तव क्रम असा ठेवावा. प्रथम दिशा बोलण्याकडे करावी. बाइट पाठविण्यापूर्वीं दुसरें निशाण पुसून घ्यावें. गंमत अशी कीं, तें पुसण्यासाठीं त्याच्या जागीं शून्य नव्हे, तर एक लिहावा लागतो. मग सर्व बाइट पाठवावे, तें निशाण उभारेपर्यंत थांबावें, आणि लगेच दिशा ऐकण्याकडे फिरवावी. फार रेंगाळणेंही बरें नव्हे; तोंवर समोरच्याचें उत्तर सुरू झालें तर दोघांचे शब्द तारेवर एकमेकांवर आदळतील.

आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. उत्तराची वाट अमर्याद पाहूं नये. ठरलेल्या वेळांत तें न आल्यास पुन्हां विचारावें, आणि तरीही न आल्यास पंप बंद करावा. नाहींतर तुटलेल्या एका तारेपायीं टाकी रात्रभर वाहत राहील. दुसरें असें कीं, मायक्रोकंट्रोलर नव्यानें सुरू होतांना त्याचे पाय क्षणभर कोणाच्याच ताब्यांत नसतात. त्या क्षणीं दुभाष्या बोलूं लागला तर साऱ्या तारेवरील इतर यंत्रांचीं तोंडें बंद होतात. म्हणून दिशेच्या त्या पायास जमिनीकडे ओढणारा एक रोधक अवश्य लावावा. ज्यास कोणी कांहींच सांगितलेलें नाहीं, त्यानें ऐकत राहावें, एवढीच त्या रोधकाची शिकवण आहे.