खेळणाऱ्या मुलांचा सरकलेला मणका

वेगवान गोलंदाजी, जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब करणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची कंबर दोन-तीन महिन्यांपासून दुखत असते. घरी तेल चोळून झालेलं असतं, ‘वाढीचं वय आहे, दुखणारच’ हेही ऐकून झालेलं असतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : मुलाची कंबर तीन आठवडे उलटले तरी दुखत असेल, त्यातही मागे वाकताना दुखत असेल, तर ते दुखणं अंगावर काढू देऊ नका.

कमरेत पाच मणके असतात. सगळ्यात खालचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडावर, उतरत्या बाजूवर बसलेला असतो. उभं राहिलं की शरीराचा भार त्याला पुढे ढकलतो. उतारावर थांबलेल्या बैलगाडीच्या चाकाला दगड लावतात, तसं त्याला मागच्या बाजूच्या हाडाच्या दोन अरुंद पट्ट्या अडवून धरतात. वारंवार मागे वाकून आणि पीळ बसून ही पट्टी शिणते, तिला बारीक चीर जाते. दोन्ही बाजूंना चीर गेली की मणका पुढे सरकू शकतो. काही मुलांचे मणक्यामागचे सांधे जन्मतःच नीट घडलेले नसतात. त्यांचा मणका उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात जास्त सरकण्याची भीती असते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये १९५०च्या दशकापासून ५०० शाळकरी मुलांची नोंद ठेवली गेली. सहाव्या वर्षी ४.४ टक्के मुलांत ही चीर दिसली, मोठेपणी सुमारे ६ टक्क्यांत. त्यांतल्या बहुतेकांचं आयुष्य इतरांसारखंच गेलं. म्हणून एक्स-रे पाहून हातपाय गाळू नयेत.

तपासताना मी मुलाला आधी पुढे वाकायला सांगते. मैदानावर चपळ असलेल्या मुलाची बोटं गुडघ्याखाली जात नाहीत, कारण मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात. मग एका पायावर उभं राहून मागे वाकायला सांगते. “इथेच, मॅडम,” म्हणत तो कमरेच्या पट्ट्याखाली नेमक्या जागी बोट ठेवतो. मणका बराच सरकलेला असेल, तर कण्यावरून बोट खाली नेताना मध्येच पायरी लागते.

पुढचं निदान अस्थिरोगतज्ज्ञांचं. उभं राहून बाजूने काढलेल्या एक्स-रेत मणका किती सरकलाय ते मोजतात. पाव भागापर्यंत सरकला तर पहिली पायरी, अर्ध्यापर्यंत दुसरी. चीर ताजी असेल तर ती एक्स-रेत सहसा दिसत नाही, एमआरआयमध्ये कळते.

पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या बहुतेक मुलांना ऑपरेशन लागत नाही. खेळ साधारण तीन महिने बंद ठेवायचा. काहींना डॉक्टर कमरेचा पट्टा देतात. पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करायचे, मांडीमागचे हळूहळू सैल करायचे. त्या काळात धनुरासन, भुजंगासन, चक्रासन नको. मणका ‘बसवून’ देणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. दाबून तो जागेवर येत नाही. वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढायचा, दुखणं थांबलं तरीही.

मणका अर्ध्याहून जास्त सरकला, सरकतच राहिला किंवा इतके उपाय करूनही दुखणं हटलं नाही, तर स्क्रू आणि हाडाचे तुकडे घालून तो खालच्या हाडाशी कायमचा जोडतात. पाऊल उचलता येईनासं झालं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

मुलांना मी वेगवान गोलंदाज जसप्रीत बुमराचं उदाहरण देते. कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे, म्हणजे ताणाने हाडाला गेलेल्या चिरेमुळे, तो २०१९मध्ये बाहेर बसला, २०२३मध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि २०२४च्या टी-२० विश्वचषकात तो मालिकावीर ठरला.

संघातली जागा जाईल या भीतीने मुलं दुखणं लपवतात. म्हणून प्रशिक्षकांनाही विनंती : “बरा होऊन ये, तुझी जागा आहे,” एवढा शब्द त्यांना द्या. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांच्या वयानुसार षटकांची मर्यादा ठरवून दिली आहे. आपल्या गल्लीबोळातल्या अकादम्यांनीही मुलगा दिवसाला किती षटकं टाकतो, याची वही ठेवायला आजपासून सुरुवात करावी.