चकाकते ते सारे प्रूफ नव्हे

समजा, आठवड्याचा बाजार भरला आहे. एक अनोळखी माणूस येतो. खिशातून वीस रुपयांचे एक नाणे काढतो. नाणे कसे लख्ख चकाकते आहे! तो म्हणतो, "मावशी, हे साधं नाणं नव्हे. हे प्रूफ नाणं आहे. शहरात याचे पाच हजार येतात. तुम्ही पाचशेच द्या."

मावशीने काय करावे? पाचशे रुपये म्हणजे घामाचा पैसा. तो देण्याआधी प्रूफ नाणे म्हणजे काय, हे आपण समजून घेऊ या.

नाणी टांकसाळीत पाडतात. आपल्या देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार ठिकाणी सरकारी टांकसाळी आहेत. आधी धातूच्या गोल चकत्या कापतात. मग दोन पोलादी ठशांमध्ये चकती दाबतात. एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. यंत्र भराभर चालते. एका मिनिटात शेकडो नाणी पडतात. ती एकमेकांवर आदळतात, मोजली जातात, पिशव्यांत भरली जातात. म्हणून अगदी कोऱ्या नाण्यावरही बारीक ओरखडे आणि टवके दिसतात.

प्रूफ नाण्याची तऱ्हा वेगळी. छापखान्यात पुस्तक छापण्याआधी एक कागद काढून तपासतात. त्याला प्रूफ म्हणतात. तसेच नाण्याचे. पूर्वी ठसा बरोबर उठतो की नाही हे पाहण्यासाठी असे नाणे काढीत. पुढे हौशी लोकांना जपून ठेवण्यासाठी म्हणून ती मुद्दाम पाडू लागले. त्यासाठी चकती घासून-पुसून आरशासारखी करतात. ठसाही तसाच चकचकीत करतात. मग एकेक चकती ठेवून तिच्यावर दोन किंवा जास्त वेळा दाब देतात. नाणे अलगद उचलून डबीत बंद करतात. मेहनत जास्त, म्हणून टांकसाळ ते जास्त किमतीला विकते.

१९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीची नाणी निघाली. त्यांत एक रुपया, पन्नास पैसे आणि वीस पैसे होते. चांदी घातलेले दहा रुपयांचे नाणेही होते. रोजच्या व्यवहारासाठी नाणी पाडली, तशी संग्रहासाठी प्रूफ नाणीही पाडली. चित्र तेच, साल तेच. मुख्य फरक घडणीचा. त्यांतले पिवळे वीस पैसे काही घरांत देवघरात जपलेले असतात. कोणी म्हणते, त्यात सोने आहे. ते खरे नाही. त्यात तांबे जास्त आणि थोडे ॲल्युमिनियम आहे.

आता ओळखायचे कसे, ते पाहू.

पहिली खूण आरशाची. नाण्याची मोकळी जागा पाहा. तिच्याजवळ हे पुस्तक धरा. प्रूफ नाण्यात अक्षरे उलटी, पण स्पष्ट दिसतात. कोऱ्या साध्या नाण्यात नुसता उजेड दिसतो, अक्षरे पुसट होतात.

दुसरी खूण चाकाची. नाणे कडेने धरा आणि उजेडात हळूहळू फिरवा. साध्या कोऱ्या नाण्यावर उजेडाची रेघ बैलगाडीच्या आऱ्यासारखी गोल फिरते. प्रूफ नाण्यावर अशी रेघ फिरत नाही. मोकळी जागा एकदा काळी दिसते, एकदा लख्ख दिसते.

तिसरी खूण चित्राची. हल्लीच्या प्रूफ नाण्यावर चित्र आणि अक्षरे दंव पडल्यासारखी पांढुरकी असतात आणि मागची जागा आरशासारखी. जुन्या प्रूफ नाण्यात मात्र चित्रही चकाकणारे असू शकते. म्हणून या एकाच खुणेवर जाऊ नका.

चौथी खूण काठाची. प्रूफ नाण्याचा काठ आणि अक्षरांच्या कडा धारदार, चौकोनी असतात. साध्या नाण्याच्या कडा थोड्या गोलसर असतात.

आणि घासलेले नाणे? चिंच, राख किंवा पावडर लावून जुने नाणेही चकाकते. पण भिंगातून पाहिले की घासल्याच्या बारीक रेघा दिसतात. चित्राचे उंच भाग झिजलेले असतात. वरची चकाकी आली, म्हणून गेलेली कड परत येत नाही.

सालाच्या खाली शंकरपाळ्यासारखी लहान चौकट दिसली, तर ते नाणे मुंबईचे. तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. या खुणा साध्या नाण्यांवरही असतात. तेव्हा चौकट दाखवून कोणी भाव वाढवू लागला, तर फसू नका.

आता मावशीकडे परत येऊ. २०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची नाणी व्यवहारासाठी निघाली. त्या माणसाच्या हातात त्यांतलेच वीसचे नाणे होते. मावशीने ते उजेडात फिरवले. रेघ चाकासारखी फिरली. मावशी म्हणाली, "बाबा, हे वीसचं आहे. वीसच देते." माणूस मुकाट्याने निघून गेला.

आणखी एक गोष्ट. जुने नाणे लाखांत विकून देतो, आधी थोडी दलाली भरा, असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेचे नावही सांगतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या बँकेने स्वतः जाहीर केले की, आपण अशा व्यवहारात नाही आणि कोणाकडून शुल्क किंवा दलाली मागत नाही. म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

घरात खरेच प्रूफ नाणे असेल, तर ते घासू नका. बोटांचा घामही त्यावर डाग पाडतो. कडेने धरा, डबीत ठेवा. विकायचे असेल तर दोन-तीन जाणकारांना दाखवा. घाई करू नका. चकाकी डोळ्यांना भुलवते. म्हणून आधी नाणे फिरवून पाहावे, मगच कनवटीला हात घालावा.