मागे ओढलेला घोडा

पिस्तुलाचा घोडा मागे ताणलेला दिसला की पाहणारा दचकतो आणि तो खाली बसलेला दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. ब्राउनिंग हाय-पॉवर हातात घेणाऱ्याने मात्र या दोन्ही भावनांवर विसंबू नये.

या पिस्तुलाचा आराखडा अमेरिकन जॉन ब्राउनिंगचा. बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी तो काम करत होता. १९२६ मध्ये तो तिथेच वारला आणि राहिलेलं काम दियदोने सैव्हने तडीस नेलं. १९३५ मध्ये हे पिस्तूल बेल्जियमच्या सैन्यात आलं. मॅगझीनमध्ये तेरा गोळ्या, त्या काळी ही चैनच! महायुद्धात एफएन जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हा कॅनडातली इंग्लिस कंपनी हेच पिस्तूल दोस्त राष्ट्रांसाठी घडवू लागली. आपल्याकडे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होणारं '९ एमएम ऑटो १ए' त्याच घराण्यातलं.

हे सिंगल ॲक्शन पिस्तूल आहे. चाप फक्त घोडा सोडतो. तो ताणण्याचं काम स्लाइडचं, नाहीतर अंगठ्याचं. घोडा पूर्ण खाली असताना फायरिंग पिन गोळीच्या टोपीपर्यंत पोहोचत नाही, तिला घोड्याचा जोरदार तडाखाच लागतो. ऐकायला हे निर्धास्त वाटतं. पण चेंबरमध्ये गोळी असताना ताणलेला घोडा खाली आणायचा, तर तो अंगठ्याने धरून चाप ओढावा लागतो. म्हणजे सुरक्षित होण्यासाठी चापच ओढायचा! घामेजला अंगठा निसटला की बार उडालाच. मधली अर्धी खाच असतेच, पण ती निसटत्या घोड्याला अडवण्यासाठी, आणि चाप दाबलेलाच राहिला तर तीही कामाला येत नाही. पिस्तूल त्या खाचेवर ठेवून वागवायचं तर नाहीच नाही.

उलट घोडा पूर्ण ताणलेला आणि सेफ्टी कॅच वर, ही दिसायला भयानक अवस्था जास्त नेमकी. कॅच घोड्याला धरून ठेवणारा खटका आणि स्लाइड दोन्ही जखडतो. दोष एवढाच, की जुन्या पिस्तुलांत हा कॅच इवलासा आणि ताठ आहे. कोल्ट १९११ च्या मुठीत असलेली दुसरी सेफ्टी इथे नाही. फायरिंग पिन अडवणारी कळही पुढच्या मार्क-३ मध्ये आली. त्याआधीचं पिस्तूल नळीच्या तोंडावर जोरात आपटलं, तर पिन स्वतःच्या वेगाने पुढे सरकण्याची भीती होती.

सगळ्यात फसवी सोय फ्रेंच सैन्याच्या आग्रहाने आली. मॅगझीन काढलं की चाप निकामी होतो. त्यासाठी चापाची ओढ खरबरीत झाली, आणि फ्रेंचांनी शेवटी पिस्तूल घेतलं दुसरंच. या सोयीमुळे मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, असा समज मात्र पक्का होतो. चेंबरमधली गोळी तशीच असते, आणि ही सोय नसलेल्या पिस्तुलात ती उडतेही.

म्हणून परवानाधारकांनो, आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. क्रम उलटा केलात, तर एक गोळी बाहेर पडेल आणि स्लाइड दुसरी आत सरकवेल.