दौंड जंक्शनवरची थाळी: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

शिरूर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. गाडी पकडायची तर शिरूर, रांजणगावच्या माणसाला एक तर पुणे गाठावं लागतं, नाहीतर न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याने केडगाव किंवा दौंडला यावं लागतं. त्यामुळे रेल्वेतल्या खाण्याबद्दल इकडे जे बोललं जातं ते बरंचसं ऐकीव. कुणाचा भाचा हावड्याला जाताना आजारी पडला, कुणाकडून पाण्याच्या बाटलीचे वीस रुपये घेतले. दौंडचं तसं नाही. मनमाडचा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून हे गाव जंक्शनभोवती वाढलं, आणि आजही प्रत्येक आळीत एखादा रेल्वेवाला सापडतोच. तरी गाडीतल्या जेवणाबद्दलचे गैरसमज दौंडमध्येही तितकेच पक्के आहेत. त्यांचा भुर्दंड सगळ्यात जास्त कोणाला बसतो? रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतून गावी निघालेल्या, जनरल डब्यात दाटीवाटीने बसलेल्या कामगाराला. त्याच्यासाठी मुख्यतः हे लिहितो आहे.

गाडीत बरं जेवण मिळणं हा नशिबाचा भाग आहे, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. जेवण कोणाकडून घेतलं, ते कधी शिजलं आणि बिल मागितलं का, या तीन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं.

‘रेल्वेचं जेवण रेल्वेच शिजवते’

शिजवत नाही. १९९९ मध्ये आयआरसीटीसी ही वेगळी सरकारी कंपनी स्थापन झाली. २००५ च्या धोरणाने खानपान तिच्याकडे गेलं, २०१० मध्ये त्यातलं बरंचसं पुन्हा विभागीय रेल्वेंकडे आलं आणि फेब्रुवारी २०१७ च्या धोरणाने परत आयआरसीटीसीकडे गेलं. या धोरणाने एक मोठा बदल केला: स्वयंपाक करणारा वेगळा आणि गाडीत वाढणारा वेगळा. वाटेतल्या मोठ्या स्टेशनांजवळच्या बेस किचनमध्ये जेवण तयार होतं, बंद डब्यांतून गाडीत चढतं, आणि पँट्रीत ते गरम ठेवून वाटलं जातं. प्रत्यक्ष काम परवानाधारक ठेकेदार करतात.

हा बदल का हवा होता, ते लवकरच दिसलं. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला. ७४ स्टेशनं आणि ८० गाड्या तपासून त्याने अस्वच्छ पाणी, उघडं अन्न, न दिलेली बिलं, जास्त घेतलेले पैसे यांची नोंद केली आणि काही पदार्थ माणसाने खाण्याजोगे नसल्याचं स्पष्ट लिहिलं. तेव्हा ‘रेल्वेचं जेवण वाईट’ हे म्हणणं हवेतून आलेलं नाही, त्याला सरकारी कागदाचा आधार आहे. पण त्या अहवालाच्या जोरावर आजचं प्रत्येक ताट नाकारणंही बरोबर नाही. बेस किचनमध्ये आता कॅमेरे आहेत आणि जेवणाच्या डब्यावर क्यूआर कोड छापला जातो. तो मोबाइलवर स्कॅन केला की किचनचं नाव आणि पॅकिंगची तारीख दिसते. कोड नसलेला किंवा खरवडलेला डबा हातात आला तर तो परत करावा.

‘एक्सप्रेस म्हटली की पँट्री असणारच’

पुणे-दौंड डेमूला पँट्री नाही आणि तिची गरजही नाही. पण लांबच्या गाड्यांतही सगळ्यांना पँट्री नसते. आझाद हिंद, झेलम यांसारख्या गाड्यांना ती आहे. काही गाड्यांत ‘ट्रेन साइड व्हेंडिंग’ची सोय असते, म्हणजे नेमलेले विक्रेते जेवण घेऊन चढतात आणि डब्यांतून फिरतात. काहींत दोन्हीही नसतं, तिथे फलाटाशिवाय पर्याय नाही. तिकीट काढतानाच हे पाहून घ्यावं.

दौंडची इथे एक खास गोष्ट आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला पूर्वी दौंडमध्ये इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. गाडी तेवढा वेळ उभी राही आणि प्रवासी निवांत उतरून फलाटावर खात. कॉर्ड लाईन झाल्यावर यातल्या बऱ्याच गाड्या जंक्शनला न येता बाहेरच्या बाहेर वळतात आणि ‘दौंड कॉर्ड लाईन’ या वेगळ्या स्टेशनावर थांबतात. वेळ वाचला, पण तिथे जंक्शनसारखे स्टॉल नाहीत आणि थांबाही जेवण शोधण्याइतका नसतो. ‘दौंडला उतरून घेऊ काहीतरी’ हा जुना हिशेब आता चालत नाही. सोलापूरकडून येणारी कर्नाटक एक्सप्रेस मात्र आजही जंक्शनवरूनच मनमाडकडे जाते.

‘दर तो सांगेल तो’

एसटीने जाणाऱ्या शिरूरकराला अधिकृत थांब्यावरचा तीस रुपयांतला चहा-नाश्ता माहीत असतो. रेल्वेचेही दर असेच ठरलेले आहेत, फक्त ते कोणी विचारत नाही. मेल-एक्सप्रेस गाड्यांत प्रमाण शाकाहारी जेवण ८० रुपये, फलाटावर तेच ७०. अंडाकरीचं ९०, चिकनकरीचं १३०. शाकाहारी नाश्ता ४०. करासकट. साधा चहा ५ रुपये, टी-बॅगचा १०. रेल नीरची लिटरची बाटली १५ रुपयांची होती, २२ सप्टेंबर २०२५ पासून ती १४ रुपयांना झाली आणि अर्ध्या लिटरची ९ रुपयांना. स्टेशनावर दुसऱ्या मान्य कंपनीचं पाणी असलं तरी दर हाच.

या ८० रुपयांत काय मिळायला हवं तेही लिहिलेलं आहे: १५० ग्रॅम भात, चार चपात्या किंवा दोन पराठे, १५० ग्रॅम डाळ, १०० ग्रॅम मिक्स भाजी, दही आणि लोणचं. पनीर यात नाही. बहुतेक गाड्यांत विक्रेता दीडशे-दोनशेची पनीरची ‘स्पेशल थाळी’ पुढे करतो आणि साधी संपली म्हणतो. स्पेशल थाळी बेकायदा नाही, पण तीच घ्यावी लागते असं कुठेही म्हटलेलं नाही. ‘८० ची प्रमाण थाळी द्या आणि मशीनचं बिल द्या’ एवढं शांतपणे म्हटलं की बोलणं बदलतं. बिल दिलं नाही तर पैसे देऊ नका, हे रेल्वेनेच जाहीर केलेलं आहे.

‘गरम आहे ना, मग काही होत नाही’

हा समज सगळ्यात धोक्याचा, म्हणून यावर थोडं थांबू.

भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तांदूळ उकळला तरी ते मरत नाहीत. भात शिजल्याबरोबर खाल्ला, किंवा ६० अंशांच्या वर गरम राहिला, किंवा लगेच थंड करून फ्रीजमध्ये गेला, तर ते काही करू शकत नाहीत. पण तोच भात कोमट अवस्थेत तासन् तास पडला की बीजाणूंतून जिवाणू वाढतात आणि एक विष तयार करतात. उलटी करवणारं हे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसं होत नाही. म्हणजे वाफ येणारा भातही बाधू शकतो, कारण ती वाफ दुसऱ्यांदा गरम केल्याची असते. त्रास साधारण एक ते सहा तासांत सुरू होतो. नगर सोडल्यावर खाल्लेला भात भुसावळ यायच्या आत उलटतो तो असा, आणि दोष भुसावळच्या फलाटावर घेतलेल्या केळ्यांवर जातो.

म्हणून डबा उघडण्याआधी झाकणावरची वेळ वाचा. मग उघडून वास घ्या. भात चिकट, ओलसर झाला असेल, डाळीला आंबूस वास असेल, भाजीच्या कडेला फेस असेल तर चव घेऊन पाहायच्या भानगडीत पडू नका. मे महिन्यात दौंडचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत पॅकिंगला चार-पाच तास होऊन गेले असतील तर मी भात बाजूला ठेवून चपाती आणि लोणचं खाईन.

हाच नियम घरच्या डब्यालाही लागतो. ‘घरचं ते चांगलंच’ म्हणून दुपारचा मसालेभात रात्री गाडीत उघडणारे कमी नाहीत. आपल्या आज्या प्रवासाला भात देत नसत. दशमी, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळाची पोळी: या सगळ्यांत पाणी कमी, म्हणून ते टिकतं. लांबच्या प्रवासाला आजही याच्या तोडीचा डबा मला दिसत नाही.

‘नुसती डाळ-भात-चपाती, दुसरं काही द्यायची परवानगीच नाही’

पूर्वी यात तथ्य होतं. एकच यादी, ठरलेली वजनं, ठरलेला दर; मग जम्मूपासून बेंगळुरूपर्यंत सगळीकडे तीच पिवळी डाळ. नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने आयआरसीटीसीला यादी बदलायची मुभा दिली: प्रादेशिक पदार्थ, हंगामी पदार्थ, मधुमेहींसाठीचं जेवण, लहान मुलांसाठीचं खाणं आणि भरडधान्यंही. पुढचं २०२३ हे तर आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षच होतं.

मग शिरूर-दौंडच्या पट्ट्यात पिकणारी बाजरी गाडीत का दिसत नाही? काही कारण खरोखरच स्वयंपाकाचं आहे. बाजरीच्या पिठातली स्निग्धता लवकर खवट होते, पीठ थोड्या दिवसांत कडवट लागतं. भाकरी थापायला हात लागतो आणि गार झाली की ती चिवट होते. हजारो ताटं काढणाऱ्या किचनला चपातीचं यंत्र परवडतं, भाकरी थापणाऱ्या बायका नेमणं त्याला महाग वाटतं. पण ज्या तालुक्यांत बचत गटांच्या बायका ऑर्डरप्रमाणे भाकऱ्या करून देतात, तिथे स्टेशनच्या स्टॉलवर पिठलं-भाकरी ठेवणं अवघड नाही. परवानगीचं कारण आता उरलेलं नाही, मागणी नोंदवणारे हवे आहेत.

पुणेकर या विषयावर डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारचा दाखला देतात. १ जून १९३० ला सुरू झालेल्या या गाडीचं ऑमलेट आणि चीज टोस्ट नावाजले गेले याचं कारण साधं आहे: शिजवणारा गाडीतच असतो आणि खाणारा चार पावलांवर. बेस किचनच्या जेवणाला ही कसोटी लावणं अन्यायाचं होईल.

‘फलाटावर विकतो तो परवानेवालाच’

मुळीच नाही. अधिकृत विक्रेत्याकडे फोटो असलेलं ओळखपत्र असतं, स्टॉलवर दरपत्रक आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ प्रमाणे परवान्याशिवाय गाडीत किंवा स्टेशनात विकणं गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड. टोपलीतून भेळ विकणाऱ्या गरीब माणसाला तुरुंगात घाला असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्याकडचं खाऊन काही झालं तर जबाबदार धरायला समोर कोणी नसतं, हे लक्षात घेऊनच घ्यावं.

‘जनरल डब्यासाठी काहीच सोय नाही’

आहे, पण ठाऊक असणारे थोडे. जुलै २०२३ पासून काही स्टेशनांवर जनरल डबे जिथे थांबतात त्याच जागी काउंटर सुरू झाले. २० रुपयांत सात पुऱ्या, १५० ग्रॅम बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं. ५० रुपयांत साडेतीनशे ग्रॅमचा एक पदार्थ, उदाहरणार्थ राजमा-भात, खिचडी किंवा पावभाजी. सगळ्या स्टेशनांवर हे नाही. पुरी-भाजी हा प्रवासाला योग्य पदार्थ आहे आणि वीस रुपयांत पोट भरतं. रेल्वेने गेल्या काही वर्षांत खानपानात केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे, असं माझं मत आहे. ते वाढायला हवं.

आरक्षण असलेल्यांना ई-केटरिंग आहे. आयआरसीटीसीच्या ‘फूड ऑन ट्रॅक’ ॲपवर पीएनआर टाकला की पुढच्या कोणत्या स्टेशनावर कोणत्या हॉटेलचं जेवण जागेवर येईल ते दिसतं. मागवताना दौंड जंक्शन आणि दौंड कॉर्ड लाईन यांत गल्लत करू नका.

वंदे भारतमध्ये जेवण ‘फुकट’ मिळतं, हाही एक समज. ते पैसे तिकिटातच असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या आणि दौंड कॉर्ड लाईनला थांबणाऱ्या पुणे-नागपूर वंदे भारतचं तिकीट काढताना ‘जेवण नको’ निवडता येतं आणि भाडं तेवढं कमी होतं. नंतर गाडीत बसल्यावर मागितलं तर मात्र ५० रुपये जास्त पडतात.

‘तक्रार करून काय होतं?’

घरी पोचल्यावर केली तर फारसं काही होत नाही, कारण ताट गेलेलं असतं. गाडीत असतानाच १३९ ला फोन करा किंवा रेलमदद ॲपवर लिहा. गाडीचा क्रमांक, डबा, जागा, वेळ, डब्याच्या झाकणाचा फोटो आणि बिल, एवढं द्या. शिरूर-दौंडकडून परप्रांतात जाणारा तुमचा शेजारी किंवा कंपनीतला सहकारी कदाचित हे वाचणार नाही. त्याला निघण्याआधी चार आकडे तोंडी सांगा: थाळी ८०, पुरी-भाजी २०, पाणी १४, तक्रार १३९.