गंजाशी झुंज (लेखांक ४) : ओरखड्याची परीक्षा
पोलाद गंजायला प्राणवायू आणि ओल दोन्ही लागतात, हे मागच्या लेखांकात आपण पाहिलं. त्यावरून सुचणारा सरळ उपाय म्हणजे पोलाद झाकून टाकणं. आधी रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट, ही घरोघरची पद्धत त्याच विचारातून आली. माझं म्हणणं असं, की लेपाची पारख तो धड असताना होत नाही. तो ओरखडल्यावर होते. साधा रंग हा नुसता आडोसा आहे. फाटकाची कडी आपटून टवका उडाला की ओल तिथून आत शिरते आणि रंगाखालून पसरते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्याने तो आजूबाजूचा धड रंगही उचलून टाकतो.

जस्ताचं वागणं याहून मुळातच वेगळं आहे. जस्ताची प्रमाण विद्युतपातळी उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाची उणे ०.४४. ओल्या ओरखड्यात दोन्ही धातू उघडे पडले, की त्यांची छोटी बॅटरी तयार होते आणि जस्त आधी झिजतं. शेजारचं उघडं लोखंड तोवर वाचतं. कथलाचं याच्या उलट. त्याची पातळी उणे ०.१४, म्हणजे लोखंडाच्या वर. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई शोभते, पण कथलाच्या डब्यावर ओरखडा पडून तो उघड्यावर राहिला, तर तिथलं लोखंड अधिकच वेगाने गंजतं. दोन्ही लेप चकचकीत, दोन्ही अखंड असताना सारखेच उपयोगी. फरक दिसतो तो फक्त जखमेत.

यावर रास्त आक्षेप असा, की झिजणारं जस्त कधीतरी संपणारच. खरं आहे, आणि म्हणूनच जाडी महत्त्वाची. १८३७ साली सोरेल या फ्रेंच अभियंत्याने पेटंट घेतलेल्या पद्धतीत पोलाद आम्लाने स्वच्छ करून, फ्लक्स लावून सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त नुसतं चिकटत नाही, तर लोखंडाशी मिळून मिश्रधातूचे थर बनवतं. सहा मिलिमीटरहून जाड पोलादावर हा लेप सरासरी ८५ मायक्रॉन असावा, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा आग्रह आहे. समुद्रकाठच्या अतिखारट हवेत वर्षाला चार ते आठ मायक्रॉन जस्त जातं असं धरलं, तरी दहा ते वीस वर्षं निघतात. पण ‘१२० ग्रॅम’च्या पत्र्यावर, दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला एवढंच जस्त असल्याने, एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन येतात. त्याच हवेत ते एक-दोन वर्षांत संपतील. दोन्हींना बाजारात ‘जीआय’च म्हणतात. किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याने पत्रा घेताना ग्रॅम विचारलेच पाहिजेत.

मग रंग निरुपयोगी का? मुळीच नाही. नीट तयारी करून जस्तावर रंग दिला, तर रंग जस्ताची झीज थांबवतो आणि टवका उडाल्यावर जस्त रंगाखाली गंज पसरू देत नाही. म्हणून ही जोडी दोघांच्या आयुष्याच्या बेरजेहूनही जास्त टिकते. मात्र जस्ताचं संरक्षण काही मिलिमीटरपुरतंच पोचतं. कामाच्या जागी वेल्डिंग केलं की त्या पट्ट्यातलं जस्त जळून जातं. पाईपला आटे पाडले की ते खरवडून निघतं. जीआय पाईप पहिल्यांदा सांध्यापाशी गंजतो तो यामुळे. जमेल तिथे कापणं, भोकं, वेल्डिंग सगळं आधी उरकून मग पोलाद बुडवावं. जमत नसेल तिथे ती जागा घासून तिच्यावर जस्ताची भुकटी भरपूर असलेला रंग त्याच दिवशी लावावा.